स्वस्त मोटर घेताना

प्रश्न : ७०० ग्रॅमचं थर्माकोलचं विमान करतोय. स्वस्तातली ए२२१२ ब्रशलेस मोटर चालेल का? १००० केव्ही घेऊ की २२००?

उत्तर : चालेल, पण १००० केव्हीचीच घ्या. केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाचे फेरे, ताकद नव्हे. तीन सेलच्या लायपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) तिला १० इंची पंखा पेलतो. तोच २२०० ला लावलात तर वाइंडिंग जळेल. मोटर हातात आली की बोटांनी फिरवा. चुंबकांचे हलके झटके लागणारच, खरखर लागली तर मात्र बेअरिंग खराब, सरळ परत करा. माझ्या एका मोटरचं बाहेरचं कवच पंख्यासकट हवेतच निसटलं होतं; तळाची इवलीशी सर्क्लिप, म्हणजे दांडा अडवून धरणारी कडी, खाचेत बसलेलीच नव्हती. आता ती मी भिंगातून बघतो. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, ३० अँपिअरचा, चांगलाच घ्या.