दृष्टिहीन धावपटूची गाइड होण्यासाठी किती वेग लागतो आणि काय शिकावे लागते?

तुम्ही १० किलोमीटर साधारण ६५ मिनिटांत धावता आणि तेवढ्या वेगावर दृष्टिहीन धावपटूची गाइड होता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या जोडीदाराला तेच अंतर धावायला ७५ मिनिटे किंवा त्याहून अधिक लागत असतील, तर निश्चित होता येईल. गाइडला सतत बोलावे लागते आणि धाप लागलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्यामुळे जोडीदाराचा अगदी कसोटीचा वेगसुद्धा तुम्हाला गप्पा मारता येतील इतका सोपा वाटला पाहिजे. वेगाचा प्रश्न एवढाच आहे.

खरी अडचण शब्दांची असते, आणि ते मला फार उशिरा कळले. मी गेली चार वर्षे दादरच्या शिवाजी पार्कात एका ताईंसोबत धावते. त्या बँकेत नोकरी करतात, वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या आहेत आणि त्यांना जन्मापासून दिसत नाही. पहिल्या महिन्यातली गोष्ट. कट्ट्याच्या कडेने धावताना मी क्षणभर घड्याळाकडे पाहिले, मान वर केली तर दोन पावलांवर एक पेव्हर ब्लॉक उचकटलेला दिसला, आणि आपण सगळे जे ओरडतो तेच मी ओरडले : “सांभाळून!” ताई जागच्या जागी थांबू पाहत असतानाच त्यांचा पाय अडकला आणि तळहात सोलवटून निघाले. रुमालाने माती पुसत त्या शांतपणे म्हणाल्या, “सांभाळायचं काय, ते सांग ना.” आपल्या बोलण्यातला हा सर्वांत काळजीचा शब्द, पण त्यात खड्डा आहे की कुत्रा, डावीकडे की उजवीकडे, थांबायचे की पाय उचलायचा, यातले काहीच नसते. “इकडे”, “तिकडे” आणि “जरा” यांचेही तसेच. हे शब्द तोंडून जायला मला तीन-चार महिने लागले.

त्यांच्या जागी आधी कृती, मग कारण, असा क्रम आम्ही ठरवला. “पाय उचला, गतिरोधक; तीन, दोन, एक, वर” असे म्हटले की आकडे त्यांच्या पावलांच्या तालात पडतात आणि त्या वेग न मोडता पार होतात. उतार, ओली फरशी, गटाराचे झाकण, समोरून हातात हात घालून येणारे आजी-आजोबा हे सारे दहा-बारा पावले आधी सांगावे लागते, म्हणजे गाइडची नजर स्वतःच्या पायांपाशी नव्हे तर बरीच पुढे असावी लागते. रस्ता मोकळा असेल तर तेही सांगावे, कारण गाइड गप्प झाली की पुढे काही नाही म्हणून ती गप्प आहे की तिचे लक्ष उडाले आहे, हे दोघींनी हातात धरलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कळत नाही.

दोरी म्हणजे दोन्ही टोकांना फास असलेली साधी नाडी. जोडीदाराच्या उजवीकडे धावत असाल तर त्यांचा उजवा आणि तुमचा डावा हात एकत्र पुढे-मागे जातात, म्हणून पावलेही आरशातल्यासारखी पडावी लागतात. शाळेतली तीन पायांची शर्यत आठवा. त्या दोरीने ओढायचे मात्र कधीच नाही. स्पर्धेच्या नियमांतही गाइडने धावपटूच्या आधी अंतिम रेषा ओलांडलेली चालत नाही, आणि दोरी सोडणेही महागात पडते : २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये मॅरेथॉनच्या अखेरच्या काही मीटरांत गाइडच्या पायात गोळे आले, त्याला सावरायला स्पेनच्या एलेना काँगोस्त यांनी क्षणभर दोरी सोडली आणि तिसऱ्या येऊनही त्या अपात्र ठरल्या. त्याच स्पर्धेत २०० मीटरचे कांस्यपदक मिळवणाऱ्या आपल्या सिमरन शर्मा आणि त्यांचे गाइड अभय सिंग टी-१२ या गटात धावले. या गटातल्या खेळाडूंना थोडे दिसत असते. तेव्हा तुमच्या जोडीदाराला नेमके काय आणि कोणत्या उजेडात दिसते, हे संकोच न करता विचारून घ्या. अंशतः दिसणाऱ्या व्यक्तीला सकाळच्या उन्हातली झाडाची गडद सावली खड्ड्यासारखी भासू शकते.

मुंबई मॅरेथॉनसारख्या गर्दीच्या शर्यतीचा विचार पुढे करा, आणि आयोजकांचे गाइडबाबतचे नियम नोंदणीपूर्वीच विचारा. तिथे मला चढापेक्षा पाण्याच्या टेबलांपुढचा पट्टा अवघड वाटतो, कारण चुरगळलेल्या बाटल्या आणि संत्र्यांच्या साली पायाखाली येतात आणि शेजारचे लोक न पाहता आडवे घुसतात. पेडर रोडवर ढोल आणि आरोळ्यांत माझा आवाज पोहोचत नाही, तिथे दोरीला दोन हलके झटके म्हणजे वेग कमी, हा आमचा ठरलेला संकेत कामी येतो.

आणखी एक गोष्ट तुम्हाला हमखास अनुभवास येईल. लोक ताईंच्या देखत मला विचारतात, “यांना पाणी हवंय का?” आणि “किती पुण्याचं काम करता” असेही म्हणतात. पहिल्या प्रश्नाला मी “त्यांनाच विचारा” म्हणते. दुसऱ्याला ताईच उत्तर देतात, की हिला एकटीला पाच वाजता उठवत नाही, म्हणून मी येते. ते बरेचसे खरेही आहे. पण तुम्ही आठवड्यात एकच दिवस मोकळ्या असाल तर तो दिवस पक्का धरा : आळस करून मी एकदा गेले नाही, तेव्हा ताई तयार होऊन पाऊण तास इमारतीच्या दाराशी उभ्या होत्या.

पहिल्या दिवशी धावूच नका. दोरी धरून दोन फेऱ्या चाला, मग स्वतः डोळ्यांवर ओढणी बांधा आणि एखाद्या अनुभवी गाइडला शंभर पावले तुम्हाला न्यायला सांगा. नाडी सुती घ्या. नायलॉनची घामेजल्या बोटांना काचते.