पेटीतला खालचा थर

प्रश्न : काकू, बाबांच्या आजारपणानंतर गेली दोन वर्षं पावसजवळची आमची हापूसची बाग मीच बघते. यंदा एप्रिलात पुण्याच्या एका सोसायटीत २२ पेट्या पाठवल्या. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. आठ दिवसांनी फोटो यायला लागले, बऱ्याच फळांत साका. मी इतकी घाबरले की तीन दिवस फोनच उचलला नाही. पुढच्या हंगामात त्यांना कोणत्या तोंडाने विचारू? त्यात वाशीचे दलाल अजून ‘फोन बाबांना दे’ म्हणतात. माझ्यावर लोकांचा विश्वास बसायचा कसा?
– एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : तुला एकेरीच लिहिते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. पुढच्या हंगामाची वाट कशाला बघतेस? आजच फोन कर.

साका बाहेरून दिसत नाही हे तुला-मला माहीत, पुण्याच्या माणसाला कसं ठाऊक असणार? त्याने पाहुण्यांपुढे आंबा चिरला आणि आत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर निघाला. साका धरला ही तुझी चूक नाही. फोन उचलला नाहीस ही मात्र आहे, आणि त्याच्या मनात तेच राहिलंय. म्हणून आधी तेवढंच बोल : ‘मला धीर झाला नाही, माझं चुकलं. तुमची किती फळं खराब निघाली?’ तो सांगेल तो आकडा लिहून घे, घासाघीस करू नकोस. पैसे परत हवेत की पुढच्या वर्षी तेवढी फळं, हे त्यालाच ठरवू दे. तापलेल्या जमिनीची धग, झाडावर जास्त दिवस राहिलेलं फळ, ही कारणं त्याने विचारली तरच सांग.

माझी गोष्ट सांगते. धंद्याच्या सुरुवातीला पुण्यातल्याच एका दुकानदाराला ४० पेट्या पाठवल्या होत्या. भरायला दोन गडी होते, मी नुसता वरचा थर बघत होते. पेंढ्यात बसलेली हिरवीगार, खांदे भरलेली, देठासकट फळं. बघून समाधान झालं, फळ्या ठोकल्या, ट्रक गेला. दुकानदाराने पैसे पुरते पाठवले, एका शब्दाने तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी मात्र त्याची ऑर्डर आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मग कधीतरी गणपतीपुळ्याला दर्शनाला आला, तेव्हा वाट वाकडी करून आमच्याकडे आला आणि ओसरीवर चहा पिता पिता म्हणाला, ‘वहिनी, खालच्या थरात मुठीत मावतील एवढी फळं होती. काहींवर चिकाचे काळे ओघळ.’ मला मान वर करवेना. तेव्हापासून दर दहा पेट्यांमागे एक पेटी मी स्वतः पार तळापर्यंत रिकामी करून बघत आले.

वाईट बातमी आपल्या तोंडून आधी जावी, याबद्दल मी फार हट्टी आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा शेवटच्या तोडीच्या आगाऊ ऑर्डरी घेतलेल्या होत्या. सकाळी बघते तो कलमांखाली आंब्यांचा सडा. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या कातळाच्या पठारावर चढून, रेंज सापडली तिथे उभी राहून एकेकाला फोन केला. काहींनी पैसे परत मागितले, ते दिले. बाकीचे आजही माझ्याकडूनच आंबा घेतात.

तेव्हा यापुढे ऑर्डर घेतानाच साक्याचं बोलून टाक. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने साका न धरणाऱ्या रत्ना आणि सिंधू या जाती काढल्या, पण गिऱ्हाईक हापूसच मागतं आणि हापूस म्हटलं की ती जोखीम आलीच. चिरल्यावर साका निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देईन, एवढं पुरे. तुझ्या बाजूने फळ चौदा आण्याला, म्हणजे पुरतं तयार व्हायच्या थोडं आधी, उतरव, काढणी सकाळीच आटप, काढलेला आंबा उन्हात ठेवू नकोस आणि कलमांच्या बुंध्याभोवती गवताचं आच्छादन घाल.

दलालाचं मनाला लावून घेऊ नकोस. त्याच्याशी वाद नको, त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, मात्र आल्या दिवशीच वाच. कोणत्या प्रतीच्या किती पेट्या, काय भाव लागला, किती कापले, हे आपल्या वहीशी ताडून बघ आणि फरक दिसला तर त्याच संध्याकाळी विचार. एकदा स्वतः वाशीला जा, तुझ्या पेट्या उतरतात तेव्हा गाळ्यावर उभी राहा. दोन हंगाम हिशेब तू विचारलास की तो ‘फोन बाबांना दे’ म्हणणार नाही.

आता आज संध्याकाळी, माणसं कामावरून घरी आली की, २२ नावांची यादी घेऊन बस. ज्याने पहिला फोटो पाठवला, त्याला पहिला फोन.