‘जेंटली’ खोडून बघ

बडोदे

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझी इंग्रजी गोष्ट वाचली. विश्वामित्रीचा काठ छान उतरलाय, पण ‘जेंटली’ आणि ‘स्लोली’ इतक्यांदा भेटले की मी पेन्सिल घेऊनच बसलो. आधी ते दोन्ही खोड आणि वाक्य पुन्हा वाच. लंगडं वाटलं तर दोष क्रियापदाचा. आजोबांच्या ‘वॉक’ला ‘स्लोली’चा टेकू कशाला? ‘अ‍ॅम्बल’ म्हण, रमतगमत चालणं त्यातच आलं.

संथ हालचालीची क्रियापदं इंग्रजीत ढीगभर आहेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. निवडताना बघायचं ते एवढंच, की हलवतंय कोण. तुझी मगर घे. ती ‘ड्रिफ्ट’ होत काठाशी आली, असं लिहिलंयस. ड्रिफ्ट हा ‘ड्राइव्ह’चाच भाऊबंद, वारा किंवा प्रवाह ज्याला ढकलत नेतो, ते ड्रिफ्ट होतं. म्हणजे मगर ओंडक्यासारखी पडलीय, नदी तिला नेतेय आणि वाचक निर्धास्त. अन् पुढच्याच ओळीत ती बगळ्यावर झडप घालते! तिथे ‘ग्लाइड’ हवं होतं. शेपटी पाण्याखाली चालू आहे, वर फक्त डोळे आणि नाकपुड्या, पाणी जेमतेम दुभंगतंय. कष्ट आहेत, दिसत मात्र नाहीत. काठावरून पोटावर घसरत उतरली तर ‘स्लाइड’, कुणाला चाहूल न लागता उतरली तर ‘स्लिप’. हिवाळ्यात काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या पुलावर थोडा वेळ उभी राहा. ऊन खात पडलेली एखादी मगर दिसली, तर ती उठेपर्यंत थांब. (खाली उतरू नकोस, हे तुला सांगायला नको.)

पतंगाचंही तेच. मांजा हातात आहे तोवर तो ड्रिफ्ट होत नाही. कापला गेला आणि रावपुऱ्याच्या गच्च्यांवरून भरकटत निघाला, की होतो. झाडाचा बुंधा पक्का आणि शेंडा डोलतोय, ते ‘स्वे’.

‘जेंटल ब्रीझ’ तर आपण सगळेच बेधडक लिहितो. ब्रिटिश नौदलातल्या बोफर्टने 1805 साली वाऱ्याची मोजपट्टी आखली. पुढे तिला वेग आणि जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. तिच्यात जेंटल ब्रीझ तिसऱ्या पायरीवर येते, ताशी 12 ते 19 किलोमीटर. पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलत राहतात, हलका झेंडा ताणला जातो. तुझ्या खोलीतला पडदा मात्र जेमतेम हलतोय. वाचक एवढं मोजत बसत नाही, कबूल. पण पडद्याला ‘स्टर’, म्हणजे किंचित हलणं, दिलंस, तर वाऱ्याचं नावही घ्यायला नको.

सेव-उसळीच्या वासाला ‘वॉफ्ट’ (हवेवर तरंगत येणं) लावलंयस, तिथे हसलो. ते मोगऱ्याला शोभेल. तर्रीचा झणका थेट नाकात घुसतो आणि ठसका लावतो. ते वाक्य सरळ उडव.

शेवट मला पटलेला नाही. त्यावर समोरासमोर बोलू, रविवारी वही घेऊन ये.

तुझा,
काका