'फळा वाचतो' असं लिहिलेल्या मुलासाठी : रीड या क्रियापदाविषयी

आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने परवा विचारलेला प्रश्न आहे. तिने वर्गात भाषांतराला वाक्य दिलं होतं, 'द बोर्ड रीड्स नो एंट्री'. बहुतेकांनी 'पाटीवर प्रवेश बंद असे लिहिले आहे' असं लिहिलं. एका मुलाने मात्र लिहिलं, 'फळा प्रवेश बंद असे वाचतो'. तिने ते चूक दिलं, तर तो वही घेऊन टेबलाशी आला. "बाई, रीड म्हणजे वाचणेच ना? मग त्यांच्या वाक्यात लिहिणे कुठून आलं?" मैत्रिणीचं म्हणणं असं की, वाक्य चूक आहे हे सांगता आलं, पण का ते सांगता आलं नाही. रीड हे क्रियापद मुळात आहे तरी काय?

मुलाची शंका मला फार मोलाची वाटते. रीड म्हणजे वाचणे हे आपण पहिलीत पाठ करतो आणि पुढे कधी तपासत नाही. दोन्ही क्रियापदं पुस्तकाशी येऊन भेटतात हे खरं, पण निघाली आहेत अगदी वेगवेगळ्या गावांहून.

आधी रीडचं गाव बघू. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद रॅडन असं होतं आणि त्याचा पुस्तकाशी संबंध असायलाच हवा असं नव्हतं. सल्ला देणे, विचार करून ठरवणे, तर्क करणे, गूढ गोष्टीचा अर्थ लावणे, असे त्याचे अर्थ. याची सख्खी जर्मन बहीण म्हणजे राटन. तिचे आजही दोनच मुख्य अर्थ आहेत, सल्ला देणे आणि अंदाज करणे. जर्मन शहरात नगरपालिकेच्या इमारतीला राटहाउस म्हणतात, म्हणजे सल्लामसलतीचं घर. पुस्तक वाचण्यासाठी जर्मन माणूस लेझन हे वेगळंच क्रियापद वापरतो. त्याचा जुना अर्थ वेचणे, गोळा करणे, आणि द्राक्षांच्या तोडणीला तिथे अजूनही वाइनलेझ म्हणतात. लॅटिनमध्येही तसंच. लेगेरे म्हणजे वेचणे आणि वाचणे दोन्ही. लेक्चर, लेसन, लेजंड हे शब्द त्यातूनच इंग्रजीत आले.

शेजारपाजारचे लोक अक्षरं वेचत असताना इंग्रजांनी 'अर्थ लावणे' हे क्रियापद लिखाणाला लावलं, आणि रीडची सगळी गंमत या निवडीत आहे. त्या काळाचा विचार केला तर ते सहज पटतं. उत्तर युरोपात जुनी अक्षरं लाकडावर, हाडावर, दगडावर कोरलेली असत. राइट या क्रियापदाचा मूळ अर्थच ओरखडा काढणे, कोरणे असा आहे. (आपल्या लिहिणेचंही तेच. संस्कृत लिख् म्हणजे आधी ओरखडणे.) एकाने ओरखडे काढायचे आणि दुसऱ्याने त्यांचा उलगडा करायचा. ज्यांना लिहितावाचता येत नव्हतं, त्यांच्या दृष्टीने तो उलगडा म्हणजे कोडं सोडवण्यासारखाच होता. आणि कोड्याला इंग्रजीत काय म्हणतात? रिडल. तो शब्द रॅडनचंच लेकरू आहे. जुनं रूप रॅडेल्स असं होतं. शेवटचा स लोकांना अनेकवचनाचा वाटला, म्हणून तो गळाला आणि रिडल उरलं. जर्मन भाषेत कोड्याला रेट्सल म्हणतात, तिथे तो स अजून शाबूत आहे.

सल्ला हा अर्थ आता इंग्रजी क्रियापदात उरलेला नाही, पण माणसांच्या नावांत टिकून आहे. आल्फ्रेड या नावातला 'रेड' म्हणजे सल्ला. आल्फ म्हणजे एल्फ, म्हणजे यक्षांसारखी योनी. यक्षांची मसलत लाभलेला तो आल्फ्रेड. इंग्लंडच्या इतिहासात ९७८ ते १०१६ या काळात, मधला थोडा खंड सोडला तर, एथेलरेड नावाचा राजा होता. त्याला 'दि अनरेडी' म्हणतात आणि आपण त्याचा अर्थ 'तयारीत नसलेला' असा करतो. प्रत्यक्षात तो शब्द होता अनरॅड, म्हणजे ज्याच्याजवळ धड सल्ला नाही असा. एथेलरेड या नावाचा अर्थ उदात्त मसलतीचा. त्याला ही जोड मिळाली, म्हणजे आपल्याकडे सुमती नावाच्या माणसाला कुमती म्हणावं तसं झालं. 'तयार' या अर्थाचा रेडी हा शब्द वेगळ्या मुळाचा आहे.

याहून मागे गेलं की रीड थेट आपल्या घरी येतं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत राध् या धातूशी जोडतात. राध् म्हणजे साधणे, सिद्धीला नेणे. आराधना त्यातलीच. अपराधही त्यातलाच, आणि त्याचा जुना अर्थ नेम चुकणे असा होता. म्हणजे इंग्रजीतलं रीड आणि मराठीतला अपराध हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत.

आता वाचणे. ते आलं संस्कृत वच् या धातूपासून, म्हणजे बोलणे. वाचा, वचन, वाचाळ, वक्ता, प्रवचन ही सगळी त्याचीच भावंडं. या कुळातले इंग्रजी नातेवाईक शोधायला गेलात तर रीड कुठेच भेटत नाही. भेटतात व्हॉइस, व्होकल आणि व्हॉवेल, म्हणजे आवाज आणि स्वर. लॅटिन व्हॉक्स आणि आपली वाक् एकाच मुळाच्या. वाचणे म्हणजे आपल्या भाषेच्या लेखी अक्षरांना वाचा देणे. त्याला तोंड लागतं.

हे नुसतं व्युत्पत्तीतलं नाही, रोजच्या मराठीत दिसतं. कुणी तक्रारींचा पाढा वाचतो तेव्हा त्याच्या हातात कागद नसतो. माझी आजी सोमवारी संध्याकाळी दिवा लावला की म्हणायची, "चल, अकरावा वाच." शिवलीलामृताचा अकरावा अध्याय. तो मोठ्याने वाचायचा हे वेगळं सांगायला लागत नसे. मी शाळेतल्या सवयीने नुसते डोळे फिरवायला लागले की ती म्हणायची, "वाच ना, बघत काय बसलीस!" तिच्या लेखी ओठ हलले नाहीत तर ते बघणं होतं, वाचन नव्हतं. आजही आवाज काढायचा नसेल तर आपल्याला 'मनातल्या मनात वाच' असं मुद्दाम सांगावं लागतं.

मग रीडमधला अर्थ लावण्याचा भाग मराठीत कोण सांभाळतं? माझ्या मते त्याचा खरा जोडीदार लागणे आणि लावणे ही जोडी आहे. आजोबा आंतरदेशीय पत्र दिव्याखाली धरून, चष्मा वरखाली करून म्हणायचे, "याचं अक्षर लागत नाही." अक्षर दिसत असे, लागत नसे. ओवी लागते, श्लोक लागतो, हिशोब लागतो, अर्थ लावला जातो. 'आय कांट रीड युअर हँडरायटिंग' याचं 'मला तुझं हस्ताक्षर वाचता येत नाही' असं भाषांतर करणाऱ्यांनी 'तुझं अक्षर लागत नाही' हे आधी आठवून बघावं. शब्दाला शब्द लावून ते कधी सुचणार नाही.

आणि जिथे अक्षरंच नसतात, नुसत्या खुणा असतात, तिथे इंग्रजी रीड म्हणतं आणि मराठी बघते. तळहाताच्या रेषा ते रीड करतात, आपण हात बघतो. वैद्य नाडी बघतो, गुरुजी पत्रिका बघतात. चेहरा आपण ओळखतो, मनातलं ओळखणाऱ्याला तर मनकवडा असा सुरेख शब्द आहे. त्यामुळे हल्ली 'मी त्याचा चेहरा वाचला' असं ऐकलं की मला खटकतं. चूक म्हणणार नाही, रुळत चाललंय. पण 'चेहऱ्यावरून ओळखलं' यात काय कमी होतं? विजेच्या मीटरचं रीडिंग मात्र आपण आहे तसंच घेतलं, 'रीडिंग घ्यायला माणूस आलाय' म्हणतो, आणि ते बरं केलं. 'मीटरवाचन' बिलावर छापायला ठीक, तोंडात बसत नाही.

याच अर्थाची एक विद्वान शाखाही आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासात रीडिंग म्हणजे पाठ. एकाच श्लोकात एका पोथीत एक शब्द आणि दुसऱ्या पोथीत दुसरा, म्हणजे पाठभेद. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं ते अशाच पाठांची तुलना करत. इथे वाचन म्हटलं असतं तर घोटाळा झाला असता. पाठ हाच शब्द हवा.

रीड तोंडाने होतच नाही असं मात्र समजू नये. इंग्रजीतही मोठ्याने वाचण्याचा अर्थ फार जुना आहे. विधेयकाचं पहिलं, दुसरं, तिसरं वाचन हे त्या अर्थाचं. छापील प्रती नव्हत्या तेव्हा कारकून सभागृहात विधेयक खरोखर वाचून दाखवत असे. एखाद्याला 'रीड द रायट ॲक्ट' केलं म्हणजे खडसावलं, यामागेही खरा कायदा होता. १७१५ पासून लागू झालेल्या त्या कायद्यानुसार बारा किंवा अधिक लोकांचा जमाव दंगलीला उठला, तर दंडाधिकाऱ्याने ठरलेली घोषणा मोठ्याने वाचायची आणि तासाभरात जमाव पांगला नाही तर कारवाई करायची.

आता त्या फळ्याकडे येते. इंग्रजीत काही क्रियापदांचं कर्म उचलून कर्त्याच्या जागी बसवता येतं. पुस्तक आपण विकतो, पण 'द बुक सेल्स' असंही चालतं. 'द बोर्ड रीड्स' त्याच घडणीचं, म्हणजे पाटीचा अर्थ लावला तर असा लागतो. मराठीतही ही सोय आहे. मी दार उघडलं आणि दार उघडलं, मी कापड फाडलं आणि कापड फाटलं. पण वाचणेला ती सोय नाही. एक तर पाटीला तोंड नाही. आणि दुसरं, वाचणेची ती कर्माशिवायची जागा आधीच भरलेली आहे. तिथे जिवंत राहणारं, बचावणारं वाचणे बसलं आहे, आणि ते वच् पासून आलेलं नाही. ते हिंदीतल्या 'बचना' या क्रियापदाच्या गोतावळ्यातलं. 'मी वाचलं' म्हणजे पुस्तक, 'मी वाचलो' म्हणजे जीव. पुराच्या वेळी 'सगळी पुस्तकं वाचली' असं कुणी सांगितलं, तर कोणतं वाचणं ते संदर्भानेच कळायचं. म्हणून मराठीला तिथे 'लिहिलं आहे' म्हणावं लागतं. थर्मामीटर १०१ 'दाखवतो', पत्रातला मजकूर 'असा आहे', आणि 'द बुक रीड्स वेल' म्हणजे पुस्तक वाचायला छान आहे. उलट कंटाळवाण्या पुस्तकाबद्दल 'वाचवत नाही' एवढे दोनच शब्द आपण म्हणतो, ते इंग्रजीत आणायला मात्र अख्खं वाक्य लागेल.

मैत्रिणीने जाता जाता विचारलं होतं की, भूतकाळाचं स्पेलिंग तेच राहून उच्चार 'रेड' का होतो. जुन्या इंग्रजीत भूतकाळाचं रूप रॅडे होतं, त्यात ड जोडाक्षरी. जोड व्यंजनाच्या आधीचा स्वर आखूड झाला, वर्तमानकाळात तो लांबच राहून पुढे 'ई' झाला. फीड-फेड, लीड-लेड हेही याच वाटेने गेले. फरक एवढाच की त्यांची स्पेलिंगं उच्चाराबरोबर बदलली आणि रीडचं बदललं नाही. म्हणून तर भलेभले लीडचा भूतकाळ रीडच्या धर्तीवर ए घालून लिहितात आणि चुकतात.

त्या मुलाला गुण द्यायचे की नाहीत ते तू ठरव, पण त्याचा प्रश्न एकदा सगळ्या वर्गापुढे घे. पहिल्यांदा 'अक्षर लागत नाही' हे फळ्यावर लिही आणि याचं इंग्रजी करायला सांग.