ॲल्युमिनियमच्या डब्याला भोकं पाडूनही आतल्या ब्लूटूथ मॉड्यूलचा सिग्नल बाहेर का येत नाही?

झाकणाला 3 मिमीची भरपूर भोकं पाडूनही फरक पडला नाही, यात नवल काहीच नाही. ब्लूटूथ चालतं त्या 2.4 गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण 12.5 सेंमी. तिच्यापुढे 3 मिमीचं भोक म्हणजे नसल्यातच जमा. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराला जाळी असते ती याच हिशोबाने. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेने 1944 साली लहान भोकांचं जे गणित मांडलं, त्यानुसार व्यास निम्मा केला की बाहेर पडणारी शक्ती 64 पटींनी घटते. ही तूट भोकांची संख्या वाढवून भरून निघत नाही.

चिरेचं तसं नाही. रुंदी 1 मिमी असली तरी चालतं, लांबी महत्त्वाची. 6 सेंमीच्या आसपासची चीर म्हणजे अर्धी तरंगलांबी. ती स्वतःच अँटेनासारखी वागते. फक्त भिंतीतला प्रवाह तिने आडवा कापला पाहिजे, प्रवाहाला समांतर पाडलेली बारीक चीर जवळपास निरुपयोगी. आता गंमत बघा: झाकण लावूनही एक मीटरवर थोडा सिग्नल मिळतो म्हणता, आणि दोन स्क्रूंमध्ये 6 सेंमी अंतर आहे हेही तुम्हीच लिहिलंय. डबा ॲनोडाइज केलेला (पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवलेला) आहे. तो थर वीजरोधक, त्यामुळे झाकण आणि डबा यांचा विद्युत संपर्क फक्त स्क्रूपाशी. मधला सांधा म्हणजे आयती चीर! माझा पहिला संशय तिच्यावरच.

दुसरी भानगड अँटेनाची. मॉड्यूलवरची चिप अँटेना मोकळ्या हवेसाठी जुळवलेली असते. शेजारी धातूची भिंत आली की भिंतीत प्रेरित होणारे प्रवाह तिचं प्रसारण खोडून काढतात, शिवाय रेझोनन्सही (ज्या वारंवारतेला ती सर्वांत चांगली चालते ती) सरकतो. इतक्या लहान अँटेनाची बँडविड्थ (ती नीट चालते तो वारंवारतेचा पट्टा) मुळातच अरुंद, त्यामुळे जरासं सरकलं तरी बरीचशी शक्ती रेडिओच्या चिपकडे परत येते. त्यात डब्याचा स्वतःचा रेझोनन्स: आतून 9 × 8.5 सेंमीच्या रिकाम्या, चपट्या डब्याचा सर्वांत खालचा रेझोनन्स 2.43 गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, आत बोर्ड बसवला की आणखी खाली. म्हणून झाकण उघडं ठेवून घेतलेलं रीडिंग विसरा. मॉड्यूल काही मिलिमीटर इकडेतिकडे सरकवलं तरी आकडे बदलतात.

मी तुमच्या जागी असतो तर अँटेना सरळ डब्याबाहेर काढली असती, कनेक्टरची बॉडी डब्याच्या भिंतीला घट्ट जोडून (तिथला ॲनोडाइजचा थर घासून काढायचा). तेवढी जागा नसेल तर अँटेनाच्या बाजूची भिंत प्लास्टिकची करा. नेटवर्क ॲनालायझर (अँटेना कोणत्या वारंवारतेला जुळली आहे ते मोजणारं उपकरण) हाताशी नसताना चीर कापण्याच्या फंदात पडू नका.

काहीही कापण्याआधी सांध्यावर सगळीकडून तांब्याची टेप लावून आरएसएसआय (मिळणाऱ्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा) पाहा. पडला तर गळती सांध्यातूनच होती. जैसे थे राहिला तर बाहेर जाणारी पॉवरची वायर तपासा, कारण तिच्यावरूनही सिग्नल बाहेर निसटतो. डब्याच्या तोंडाशी त्या वायरला फीडथ्रू कपॅसिटर (वायर भिंतीतून जाते तिथेच रेडिओ सिग्नल डब्याकडे वळवणारा कपॅसिटर) लावून पुन्हा मोजा.