नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघांनी कॅनडातल्या क्यूबेक सिटीला जावे का? थंडी सोसेल का?

अवश्य जावे. मुक्काम मात्र तटबंदीच्या आतच करावा, हॉटेल थोडे महाग पडले तरी. कारण सॅम्युएल द शांप्लेनने १६०८ साली वसवलेले आणि १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेले हे जुने शहर पायीच पाहण्याजोगे आहे, आणि बोटे बधिर झाली की पाच-दहा मिनिटांत खोलीवर परतता येणे फार मोलाचे ठरते. पारा उणे १५ अंशांपर्यंत सहज उतरतो, तेव्हा कपड्यांपेक्षाही बुटांवर आधी खर्च करा: उतारांवरच्या गोठलेल्या पायवाटांवर गुळगुळीत तळव्यांचे बूट अजिबात टिकाव धरत नाहीत.

शातो फ्रोंतनाक हॉटेलशेजारच्या लाकडी गच्चीवर हिवाळ्यात टोबोगनची, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या सपाट लाकडी गाडीची, उंच घसरगुंडी चालू असते. तिथे दोघांनी एकाच टोबोगनवर बसावे. दिवेलागणीला फ्युनिक्युलरने (उतारावरून रुळांवर चालणाऱ्या डब्याने) खाली पेती-शांप्लेनच्या अरुंद गल्लीत उतरावे. नदीपलीकडच्या लेव्ही गावाला जाणारी फेरीबोटही चुकवू नये. सेंट लॉरेन्स नदीतले बर्फाचे तुकडे बाजूला सारत ती पलीकडे जाते आणि परतताना अख्खे शहर समोर येते. जवळचा मोंमोरान्सी धबधबा ८३ मीटरचा, म्हणजे नायगाऱ्याहून उंच आहे.

प्रसिद्ध हिवाळी कार्निव्हल मात्र फेब्रुवारीच्या सुमारास असतो, त्यामुळे तो हवा असल्यास सुट्टी पुढे ढकलावी लागेल. शाकाहारी असाल तर पुतीन (चीज आणि ग्रेव्ही घातलेले बटाट्याचे फ्राइज) मागवताना आधी विचारून घ्या, कारण त्यावरची ग्रेव्ही बहुधा मांसाच्या अर्काची असते.