जुना हीट पंप दुरुस्त करावा की नव्या पिढीचा घ्यावा? साताऱ्यातील बोअरच्या पाण्याचा विचार करून

साताऱ्यातील आपल्या बंगल्याच्या गच्चीवरचा २०० लिटरचा हीट पंप (हवेतील उष्णता उचलून टाकीतले पाणी तापवणारे यंत्र) पूर्वी तीन तासांत पाणी तापवत असे आणि आता त्याला पाच तासांहून अधिक वेळ लागतो, त्यात उष्णता वाहून नेणारा आर-२२ गॅस आहे आणि टाकीत बोअरचे पाणी येते, असे आपण लिहिले आहे. विक्रेत्याने इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा, गरजेनुसार वेग बदलणारा भाग) आणि आर-२९० गॅस असलेला नवा संच सुचवला असून जुन्याचा सीओपी २.८ आणि नव्याचा ४.२ असल्याचे माहितीपत्रक दाखवले आहे. माझे मत असे की, आपल्या भागात या यंत्राच्या पिढ्यांची तुलना सीओपीच्या आकड्यावरून करू नये. गॅसची उष्णता पाण्यात नेमकी कोणत्या जागी उतरते, हे आधी पाहावे.

प्रथम आकड्यांचा हिशेब. सीओपी म्हणजे एक युनिट वीज खर्च झाली असता पाण्याला किती युनिट उष्णता मिळाली, हे प्रमाण. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचे तर लिटर गुणिले तापमानातील वाढ भागिले ८६० या हिशेबाने सुमारे ७ युनिट उष्णता लागते. साधा गीझर तेवढी सगळी वीज खातो. २.५ सीओपीच्या हीट पंपाला २.८ युनिट लागतात, ३ सीओपीला सुमारे २.३ आणि ४ सीओपीला १.७५. म्हणजे गीझर सोडून जुन्यातला जुना हीट पंप घेतला तरी रोजची चार युनिट वाचतात, पण ३ वरून ४ वर गेल्याने वाचते ते जेमतेम अर्धे युनिट. महिन्याची ही सतरा-अठरा युनिट आपल्या बिलातील सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने गुणून पाहावीत आणि नव्या संचाच्या किमतीशी ताडून पाहावीत. शिवाय दोन पत्रकांवरील आकडे एकाच परिस्थितीत मोजलेले असतील असे नाही. बाहेरची हवा ३० अंश धरली आणि पाणी ४५ अंशांपर्यंतच तापवले, तर कोणत्याही पिढीचा पंप देखणा आकडा देतो; तोच पंप १५ अंशांच्या हवेत ५५ अंशांचे पाणी देताना बराच खाली येतो. हवेचे आणि पाण्याचे तापमान छापलेले नसेल, तर तो आकडा तुलनेसाठी निरुपयोगी समजावा.

आता पिढ्यांकडे वळू. मी त्या वर्षांवरून न मोजता रचनेवरून मोजतो, कारण एकाच वर्षी बाजारात तिन्ही प्रकार मिळतात. पहिल्या रचनेत टाकी साधी असते. एक छोटा पंप तिच्यातील पाणी बाहेरच्या पेटीत नेतो, तेथे प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या पातळ पत्र्यांच्या थरांत, ते तापते आणि परत टाकीत येते. काही संचांत एक्स्चेंजरऐवजी तांब्याची कॉइल थेट टाकीतल्या पाण्यात बुडवलेली असते. दुसऱ्या रचनेत कॉइल टाकीच्या पत्र्याला बाहेरून गुंडाळलेली असते आणि तिच्यावर पफचे (उष्णता रोखणाऱ्या फोमचे) आवरण असते, त्यामुळे पाण्याचा आणि कॉइलचा प्रत्यक्ष संबंधच येत नाही. तिसऱ्या रचनेत हीच गुंडाळलेली कॉइल ठेवून, अनेकदा सपाट ॲल्युमिनियमच्या बारीक वाहिन्यांच्या रूपात, तिच्याबरोबर इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आणि नवा गॅस येतो.

आपल्या जिल्ह्यात यांतील पहिला बदल सर्वांत महत्त्वाचा ठरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्याय नसेल तेव्हा ६०० मिलिग्रॅम आहे. माण-खटावच्या आणि पलीकडे जत-आटपाडीच्या बोअरचे पाणी पाहिलेल्या माणसाला गरम पाण्याच्या बादलीच्या कडेला जमणारा पांढरा थर वेगळा सांगावा लागत नाही. कॅल्शियम कार्बोनेट हा क्षार पाणी तापेल तसा कमी विरघळतो, म्हणून तो सर्वांत गरम पृष्ठभागावर आधी बसतो. गीझरच्या तापलेल्या एलिमेंटपेक्षा हीट पंपाची कॉइल सौम्य असते, त्यामुळे क्षार हळू जमतो. पण प्लेट एक्स्चेंजरमधील वाट अवघ्या काही मिलिमीटरची असल्याने थोडा थरही ती अडवतो. उष्णता पाण्यात उतरत नाही, गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर अधिक वीज घेऊन कमी काम करतो आणि तीन तासांचे पाच तास होतात. आपण सांगितलेली लक्षणे मला अगदी अशीच वाटतात.

म्हणून नवा संच घेण्यापूर्वी एक्स्चेंजर आतून धुऊन घ्यावा. जाणकार मेकॅनिक सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण छोट्या पंपाने त्यातून फिरवतो आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुतो. आपल्याकडे बहुतेक वेळा होते ते उलटेच: मेकॅनिक येतो, गॅस कमी झाला असे सांगतो आणि भरून जातो. बंद यंत्रणेतला गॅस वापराने संपत नाही. तो कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती शोधल्याशिवाय भरलेला गॅस हा वाया गेलेला पैसा आहे. धुतल्यानंतर स्वतंत्र मीटर लावून एकदा पाणी तापवून पाहावे आणि वर दिलेल्या हिशेबाने सीओपी काढावा. तो अडीचच्या वर आला आणि टाकी गळत नसेल, तर मी तरी तो संच बदलणार नाही.

मात्र कॉम्प्रेसर जळाला किंवा गॅसची वाहिनी गळू लागली, तर आर-२२ वर पुन्हा खर्च करण्यात अर्थ नाही. ओझोन थराला घातक ठरणाऱ्या वायूंवर निर्बंध घालणाऱ्या १९८७ च्या माँट्रियल करारानुसार भारतात हा गॅस २०३० पर्यंत जवळपास पूर्णपणे बंद व्हायचा आहे. त्यानंतर आलेला आर-१३४ए ओझोनला धोका देत नाही आणि ६० अंशांपर्यंतचे पाणी सहज देतो, पण त्याचा जागतिक तापमानवाढीवरील प्रभाव कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट आहे. आर-४१०ए चा त्याहूनही अधिक, सुमारे २,०८८ पट. शिवाय ५५ अंशांपुढे त्याचे संच सहसा आतल्या एलिमेंटची मदत घेतात आणि मग हीट पंपाच्या किमतीत घेतलेला गीझर चालू होतो. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन. त्याचा हा प्रभाव तीनच्या आसपास असून तो ७० अंशांपर्यंतचे पाणी देऊ शकतो. तो ज्वलनशील असल्याने घरगुती संचांत तो थोडाच भरतात. १५० ग्रॅमपर्यंत असल्यास आंतरराष्ट्रीय मानक खोलीच्या आकाराची अट घालत नाही. येथे एक इशारा आवश्यक आहे: आर-२२ च्या जुन्या पेटीत स्वस्त म्हणून हायड्रोकार्बन गॅस भरून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर स्पष्ट नकार द्यावा. त्या पेटीतील रिले आणि स्विच ठिणगी पडू शकते असेच असतात. जपानमध्ये २००१ पासून विकले जाणारे कार्बन डायऑक्साइडचे संच ९० अंशांपर्यंत पाणी देतात, पण त्यांतील दाब १०० बारच्या आसपास असतो आणि आपल्या आंघोळीला तेवढ्या तापमानाची गरज नाही.

इन्व्हर्टरचा खरा फायदा सीओपीपेक्षा विजेच्या सुरुवातीच्या ओढीत आहे. जुना कॉम्प्रेसर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो आणि कमी दाबाच्या फेजवर अडखळतो, तर इन्व्हर्टर हळूहळू वेग घेतो. याची दुसरी बाजू अशी की, वळवाच्या पावसात वीज जाते-येते तेव्हा त्याचा पीसीबी (नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जळण्याची शक्यता अधिक असते आणि तो भाग स्वस्त नसतो. चांगले सर्ज संरक्षण आणि अर्थिंग नसेल, तर साधा कॉम्प्रेसर परवडला. महाबळेश्वर-पाचगणीच्या रहिवाशांना मात्र मी नवी पिढीच सुचवेन. तेथे थंडीत गवतावरचे दव गोठते, तसेच हवेतून उष्णता घेणाऱ्या, पंखामागच्या कॉइलवरही बर्फ धरते; जुने संच तेव्हा नुसते थांबतात किंवा एलिमेंटवर जातात, नवे गॅसचा प्रवाह उलटवून बर्फ वितळवतात. सांगलीच्या नदीकाठच्या भागात पिढीपेक्षा उंची महत्त्वाची आहे. ऑगस्ट २०१९ चा पूर पाहिल्यावर तेथे पेटी तळमजल्यावर बसवण्याचा विचार कोणी करू नये.

साताऱ्यात हिवाळ्यातही दुपारची हवा पहाटेपेक्षा बरीच उबदार असते. त्यामुळे जुना असो वा नवा, संचाला टायमर लावून दुपारी एक ते चार या वेळेत पाणी तापवावे. चांगल्या पफच्या टाकीत ते सकाळपर्यंत आंघोळीपुरते गरम राहते आणि पंपाला कोमट हवेतून उष्णता उचलायची असल्याने वीज कमी लागते. एवढ्याने जो फरक पडतो, तो अनेकदा एका पिढीच्या फरकाइतका असतो.

शेवटी घ्यायचाच झाला, तर गुंडाळलेल्या कॉइलचा, आर-१३४ए किंवा आर-२९० चा, आणि मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड बाहेरून काढता येईल असा संच घ्यावा. बोअरच्या पाण्यात हा रॉड टाकीला गंजापासून वाचवताना तिच्याआधी स्वतः झिजतो, म्हणून तो दरवर्षी उघडून पाहावा लागतो. टाकीवर दोन फूट मोकळी जागा सोडली नाही तर तो बाहेरच येत नाही, हे गच्चीवरील पत्र्याचे छत घालणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे.